रुमालावरचा काळा पंजा

लाकडाच्या वखारीमागच्या गोदामात त्या दिवशी इतक्या बाया जमल्या होत्या की मागच्यांना पुढच्यांची डोकीच तेवढी दिसत होती. पुढे टेबल. टेबलावर काचेची बाटली, बाटलीत चहाच्या रंगाचं पाणी, शेजारी कापसाचा पुडा. आणि टेबलामागे अर्कबाबा. भगवे कपडे नाहीत, दाढी नाही, राख नाही. पांढरा कोट, खिशाला दोन पेनं, नाकावर बारीक काड्यांचा चष्मा. हल्ली बुवांनाही कळून चुकलंय की राखेपेक्षा कोटापुढे माना लवकर झुकतात.

"डॉक्टर म्हणतात, मनाची गोळी पोटात विरघळते," बाबा सांगत होते. "बरोबर आहे. साखरही चहात विरघळते. पण विरघळली म्हणजे गेली का? चहा गोड लागतोच ना? तशी ही गोळी. विरघळते, रक्तात फिरते, बसायला जागा शोधते. आणि बाईच्या अंगात मऊ जागा कुठली, ते मी सांगायला हवं का?"

सांगायला नको होतं. गोदामभर हात आपोआप छातीशी गेले.

"तिथे ती साठते. साठते, गोठते, गाठ धरते. मग तोच डॉक्टर म्हणतो, बाई, हा कॅन्सर आहे, कापू या. गोळी देणारा तो आणि कापणाराही तोच."

एवढं बोलून बाबा थोडं थांबत. टाळी पडायची ती जागा होती, आणि ती पडे.

मग परीक्षा सुरू व्हायची. बाई पडद्याआड स्टुलावर बसायची. बाबांची बहीण म्हणवणारी एक उंच बाई कापूस बाटलीतल्या अर्कात बुडवून तिच्या गळ्याखाली, छातीच्या वरच्या भागावर फिरवायची. त्यावर पांढरा रुमाल ठेवायची, चार थेंब पाणी शिंपडायची आणि आपला पंजा दाबून धरायची. बाबा डोळे मिटून काहीतरी पुटपुटायचे. रुमाल उचलला की त्यावर काळानिळा पंजा उमटलेला असायचा. बोटंन् बोटं वेगळी दिसावीत असा.

"आणि रुमाल आमचा नाही हं," बाबा दर वेळी आठवण करून द्यायचे. "तुमच्या घरचा, तुमच्या हातचा. उद्या कोणी म्हणायला नको, बाबाने आधीच काही लावून ठेवलं होतं."

हे मात्र खरं होतं, आणि तिथेच सगळ्यांची बोलती बंद होत होती.

शेवटच्या रांगेत, उलट्या ठेवलेल्या खोक्यावर, हाताची घडी घालून मालकीणबाई बसल्या होत्या. गल्लीतली सगळ्यांत मोठी लाँड्री त्यांची. ती गल्लीच लाँड्र्यांची. हॉटेलांच्या चादरी, वकिलांचे शर्ट, दवाखान्यांचे कोट सगळे तिथूनच पांढरे होऊन जायचे. मालकीणबाई शाळेत जशा गेल्या तशाच कोऱ्या परत आल्या होत्या, पण नवरा गेल्यावर बॉयलर, कामगार, गिऱ्हाईक आणि दोन दीर एवढं सगळं त्यांनी एका जिभेवर सांभाळलं होतं. त्या बोलायला लागल्या की बॉयलर आपण होऊन थंड पडतो, असं कामगार म्हणत. त्यांच्या पाठीमागे, अर्थात.

असल्या जागी त्यांनी पाय ठेवला नसता. पण त्यांची धाकटी मुलगी शेजारणींबरोबर आली होती, आणि ती आत स्टुलावर जाऊन बसली होती.

धाकटीचा रुमाल वर आला तेव्हा पुढच्या बायांनी तोंडावर पदर धरले. इतका काळा पंजा त्या दिवशी कुणाचाच उमटला नव्हता.

बाबांनी तिला पडद्याबाहेर बोलावलं आणि चष्मा काढला. "किती वर्षं घेतेस?"

"बाळंतपणानंतर सुरू केल्या. आता पोरगी चालायला लागली."

"घरात कोणी गेलंय छातीच्या गाठीने?"

"मावशी."

"ती घ्यायची या गोळ्या?"

"घ्यायची."

 बाबांनी नुसते डोळे मिटले. तेवढ्याने धाकटीच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरत गेलं, ते मालकीणबाईंना शेवटच्या रांगेतूनही दिसलं. त्या उठून म्हणाल्या की माझ्या बहिणीला गाठ आधी झाली आणि गोळ्या नंतर मिळाल्या. पण तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या, आणि पुढच्या दोघी-तिघींनी वळून त्यांना गप्प बसायला सांगितलं. मालकीणबाईंना गप्प बसायला सांगायची त्या गल्लीत ही पहिलीच वेळ.

घरी आल्यावर धाकटीने गोळ्यांचं पाकीट कचऱ्याच्या डब्यात टाकलं. चिडून नाही, रडून नाही. भाजीचे देठ टाकावेत तसं.

त्या गोळ्या काय होत्या, ते मालकीणबाईंना पक्कं माहीत होतं. पोरगी झाल्यावर धाकटी भिंतीकडे तोंड करून पडायला लागली. पोर रडून रडून निळं व्हायचं आणि आई शेजारी डोळे उघडे ठेवून पडलेली. जावई जहाजावर, सहा-सहा महिने पाण्यात. मालकीणबाईंनी आधी ओरडून पाहिलं, मग लाडीगोडी लावली, मग गच्चीच्या दाराला कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यात अडकवली. शेवटी मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. गोळ्यांनी लगेच काही झालं नाही. मग एके सकाळी धाकटी उठली, पोरीला न्हाऊ घातलं, खाली येऊन इस्त्रीच्या टेबलाशी उभी राहिली आणि म्हणाली, "आई, या कॉलरी कुणी मोडल्यात?" मालकीणबाईंनी त्या दिवशी कामगारांना एकही शिवी दिली नाही. सगळ्यांना वाटलं, बाई आजारी आहेत.

म्हणजे त्या गोळ्यांनी त्यांची मुलगी परत आणली होती. आता ती मुलगी त्याच गोळ्या देठांसारख्या फेकत होती.

त्या रात्री त्यांनी घर डोक्यावर घेतलं. कोट घातलेला भामटा आहे, तुला काय अक्कल गहाण पडली का, माझ्या सख्ख्या बहिणीचं मला जास्त ठाऊक की त्या चष्म्याला. सगळं बोलून झालं. धाकटी ऐकत राहिली. मग म्हणाली, "आई, तू कुणाला खरं म्हणतेस? बॉयलरवाला खोटा, साबणवाला खोटा, काका खोटे. ज्या डॉक्टरीणबाईंचं आज एवढं सांगतेस, त्यांनाही तू पहिल्या दिवशी लुटारू म्हणाली होतीस. माझ्या डोळ्यांदेखत रुमाल काळा झाला. रुमाल आपल्या कपाटातला होता."

 आणि रुमाल खरंच मालकीणबाईंच्याच कपाटातला होता.

दुसऱ्या दिवशी त्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. एकट्याच, कारण धाकटी यायला तयार नव्हती. त्यांना एकच गोष्ट हवी होती: या गोळ्यांनी कॅन्सर होत नाही, असं कागदावर लिहून, खाली सही-शिक्का. तो कागद त्या बाबाच्या तोंडावर मारायचा होता.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असं लिहून देता येणार नाही.

"का? होतो का मग?"

"बसा. सांगते. हजारो बायकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून अभ्यास झालेत. या गोळ्या घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या. बहुतेक मोठ्या अभ्यासांत घेणाऱ्यांना स्तनाचा कॅन्सर जास्त झाला, असं दिसलेलं नाही. पूर्वी काही लहान अभ्यासांतून शंका निघाली होती. मोठ्या पाहणीत ती टिकली नाही."

"मग लिहा की तेच. होत नाही म्हणून."

"दिसलेलं नाही, एवढं लिहीन. कधीच, कुणालाच होणार नाही, असं कसं लिहू? गोळ्या न घेणाऱ्या बाईलाही कॅन्सर होतो. उद्या तुमच्या मुलीला झालाच, तर तो गोळीने झाला असा त्याचा अर्थ नाही. आणि नाही झाला, तर गोळीने वाचवलं असाही नाही."

मालकीणबाईंना याचा भयंकर राग आला. बाबा बघा कसा छातीठोक बोलतो, शंभर टक्के म्हणतो, आणि ही शिकलेली बाई पण-परंतुची शेपटं लावत बसते. डॉक्टरीणबाईंनी आणखी एक सांगितलं. ज्या बाईला स्तनाचा कॅन्सर आधीच झालाय आणि त्यासाठी एक ठरावीक औषध चालू आहे, तिला मनाच्या काही गोळ्या चालत नाहीत. त्या गोळ्या त्या औषधाचं काम कमी करू शकतात. तिथे डॉक्टर दुसरी गोळी निवडतात. अशी एखादी खरी गोष्ट कुणीतरी अर्धवट ऐकतं आणि तिला शेपूट फुटतं. पण तुमच्या मुलीला हे लागू नाही. तिच्याबाबत पक्कं माहीत असलेला धोका वेगळा: गोळ्या एकदम बंद केल्या की चक्कर, डोक्यात झटके, झोप उडणं, आणि मागचा आजार पुन्हा डोकं वर काढणं.

मालकीणबाई खुर्चीच्या कडेवर आल्या. गोळी कुटून दुधात घालून दिली तर, असं त्यांनी हळूच विचारलं.

डॉक्टरीणबाईंचा चेहरा बदलला. "तसं करू नका. तिला कळलं तर ती तुमच्या हातचं पाणीही पिणार नाही. आणि फसवूनच बरं करायचं असेल, तर तुमच्यात आणि त्या बाबात फरक काय राहिला?"

एवढी मोठी लाँड्री चालवणारी बाई, आणि एक नखभर गोळी स्वतःच्या लेकीच्या तोंडात घालता येत नव्हती. त्या घरी चालत आल्या. रिक्षा करायचीसुद्धा आठवण राहिली नाही.

अर्कबाबांचा उपचार असा होता: दर आठवड्याला बैठक, रुमाल तोच. घरी जाऊन तो नुसत्या पाण्यात खूप वेळा खळबळायचा, पिळायचा, सावलीत वाळवायचा. साबण नाही, दुसरं काही नाही, इस्त्री नाही. "विषाला उष्णता चालत नाही," म्हणे. पुढच्या बैठकीला तोच रुमाल, तोच अर्क, तोच पंजा. आणि खरंच, दर खेपेला पंजा फिका पडत होता. काळ्याचा निळा, निळ्याचा जांभळा. शेवटच्या बैठकीला बाबा त्यावर लिंबू पिळणार होते आणि उरलासुरला डागही जाणार होता. वखारीच्या मालकाच्या सुनेचा रुमाल असा कोरा झाल्याचं सगळ्यांनी पाहिलं होतं. ती बाबांच्या पाया पडून इतकी रडली की बघणाऱ्याही रडल्या.

धाकटी आपला रुमाल फिका होताना बघून हसायची. तेवढंच हसायची. बाकी ती खंगत चालली होती. मान वळवली की डोक्यात वीज चमकते म्हणायची. इस्त्रीशी उभी राहिली की भोवळ यायची. पोरीने हट्ट केला की तिच्यावर किंचाळायची आणि मग स्वतःच कानांवर हात दाबून बसायची. मालकीणबाईंनी बाबाला रस्त्यात गाठून जाब विचारला, तर तो मऊ आवाजात म्हणाला, "आई, विष निघताना त्रास होणारच. जितका त्रास जास्त, तितकं जास्त निघतंय." म्हणजे बरं वाटलं तर बाबामुळे, आणि वाईट वाटलं तरी बाबामुळेच. या माणसाला हरवायचं कुठून, हे त्यांना कळेना.

मग धाकटी किंचाळायची बंद झाली. ते जास्त वाईट होतं. ती पुन्हा भिंतीकडे वळली. मालकीणबाईंनी गच्चीची किल्ली शोधली आणि गळ्यात घातली.

अशातच कॉलरमास्तर आपले शर्ट न्यायला आले. हायस्कुलात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झालेला माणूस. आता आयुष्यात एकच ध्येय, कॉलर कडक हवी. कपड्याला लावायच्या खळीवरून, म्हणजे त्या घट्टसर पिठाळ पाण्यावरून, त्यांचं आणि मालकीणबाईंचं दर महिन्याला वाजायचं. त्या दिवशी ते बोटाने कॉलरीवर टिचकी मारत म्हणाले की ही कॉलर आहे की भिजलेला पापुद्रा. मालकीणबाईंनी शर्ट परत घडी घालायला घेतला. मास्तर चपापले. ही बाई भांडत नाही म्हणजे घरात काहीतरी झालंय.

"मालकीणबाई, काय झालं?"

त्यांनी मागे बोट दाखवलं. दोरीवर धाकटीचा रुमाल वाळत होता, त्यावर फिका पंजा.

मास्तरांनी तो हातात घेतला, हुंगला, आणि सगळं विचारून घेतलं. अर्काचा रंग कसा, वास कसा. दवाखान्यासारखा, वर काहीतरी सुगंध ओतलेला. काळा पंजा सगळ्यांचाच येतो का? मालकीणबाई म्हणाल्या, गल्लीतल्या झाडून सगळ्यांचा. गोळी कधी बघितलीसुद्धा नाही अशांचासुद्धा. त्यांना बाबा सांगतो, तुझ्या आईने खाल्ली असेल, दुधातून उतरली. कोरा राहिला तो फक्त बस कंडक्टरच्या बायकोचा, नुसता पिवळट डाग. आणि ती तर धाकटीसारखीच गोळी रोज घेते, धाकटीनेच तिला डॉक्टरीणबाईंचा पत्ता दिला होता. बाबा म्हणाला, हिची श्रद्धा दांडगी.

"तिचा रुमाल कुठे धुतलेला?"

"घरी. ती कुठली खळ घालते? दोरीवरचा कपडा तसाच कोंबते कपाटात. आमच्या गल्लीत खळ-इस्त्रीशिवाय बाई चारचौघांत रुमाल काढणार नाही, लाजेने..." मालकीणबाई बोलता बोलता थांबल्या.

मास्तर हसत नव्हते. त्यांनी विचारलं, दुकानात आयोडीन आहे का. होतं, पत्र्याने कामगारांची बोटं कापत, म्हणून फळीवर बाटली असायची. मास्तरांनी दोन थेंब पाण्यात टाकले. चहाच्या रंगाचं पाणी झालं. त्यांनी आपल्या शर्टाच्या खळ लावलेल्या कॉलरीवर बोटाने ते पाणी लावलं. कॉलर काळीनिळी झाली. मग खळ न लावलेल्या बनियनला लावलं. नुसता पिवळा डाग.

"पिष्ट आणि आयोडीन," मास्तर म्हणाले. "आठवीच्या पोरांना पहिल्या महिन्यात दाखवतो. खळ म्हणजे पिष्टच. जिथे खळ, तिथे काळं. छातीत विष नाही, मालकीणबाई. रुमालात खळ आहे. पाण्यात खळबळत गेलं की खळ निघत जाते, म्हणून पंजा फिका होतो. साबण-इस्त्री नको, ते एवढ्याचसाठी, की कुणी सवयीने पुन्हा खळ लावू नये. आणि लिंबू पिळलं की आयोडीनचा रंग मरतो." त्यांनी अर्धं लिंबू मागवून वर पिळलं. कॉलर डोळ्यांदेखत पांढरी झाली.

मालकीणबाई स्टुलावर बसल्या. बाबाने सगळं शहर सोडून हीच गल्ली का धरली, ते आता समजलं. इथे प्रत्येक बाई स्वतःच्या अब्रूखातर, स्वतःच्या हाताने खळ लावून, घडी घालून, आपला पुरावा आपणच घेऊन जात होती. आणि सगळ्यांत काळा पंजा त्यांच्या मुलीचा आला होता, कारण सगळ्यांत घट्ट खळ त्यांच्या लाँड्रीची. त्या खळीची त्यांनी आयुष्यभर बढाई मारली होती.

शेवटच्या बैठकीला गोदाम पुन्हा भरलं. धाकटीला शेजारणींनी धरून आणलं होतं. बाबांनी साखर आणि चहापासून सुरुवात केली. ते टाळीच्या जागेवर आले आणि थांबले, तेव्हा मालकीणबाई उठून पुढे गेल्या. मागे मास्तर, घामाघूम. भरल्या वर्गापुढे उभं राहणं वेगळं आणि हे वेगळं.

मालकीणबाईंनी ताजी खळ लावलेला रुमाल टेबलावर ठेवला आणि बाबांची स्वतःची लाकडी खुर्ची पुढे ओढली. कुणी अडवायच्या आत त्यांनी खुर्चीच्या पाठीवर अर्काचा कापूस फिरवला, वर रुमाल ठेवला, पाणी शिंपडलं आणि आपला पंजा दाबून धरला. पुटपुटायचं राहिलं, म्हणून त्यांनी साबणवाल्याला देतात तीच शिवी हळूच म्हटली. रुमाल उचलला. ठसठशीत काळा पंजा.

"ही खुर्ची कोणत्या गोळ्या खाते?" त्यांनी विचारलं.

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं. मग हसू पसरत गेलं. मास्तरांना धीर आला. त्यांनी खळीचा आणि बिनखळीचा असे दोन तुकडे दाखवले, एक काळा झाला, एक नाही. मग बाटलीला नाव दिलं, आयोडीन. मग लिंबू पिळलं. थोडक्यात सांगितलं, अवघड शब्द न वापरता. मास्तरांचा आतापर्यंतचा सगळ्यांत चांगला तास तो असावा.

बाबा मात्र गडबडले नाहीत. म्हणाले, या खुर्चीवर मी बसतो; रोज तुमचं विष ओढून घेतो, ते खुर्चीत मुरलंय. आणि खरं सांगायचं तर तिथे बसलेल्या काही बायांनी मान डोलावली. वखारीच्या सुनेने तर मालकीणबाईंना तोंडावर विचारलं, तुमचं काय जात होतं? मला बरं वाटत होतं ना. या बाईच्या प्रश्नाला मास्तरांच्या रसायनशास्त्रात उत्तर नव्हतं.

तरी गल्ली बहुतेक उठून गेली. संध्याकाळपर्यंत बाबा, बहीण आणि बाटल्याही गेल्या. हल्ली ते स्टेशनपलीकडे असतात असं ऐकू येतं. तिथे रुमाल नाही म्हणे, अंडं आहे.

मालकीणबाईंना वाटलं होतं, आता झालं. खोटं उघडं पडलं की माणूस खऱ्याकडे आपोआप येतो. घरी येऊन त्यांनी पाण्याचा पेला आणि नवं पाकीट धाकटीपुढे ठेवलं.

धाकटी पाकिटाकडे बघत राहिली. म्हणाली, "रुमाल खोटा, हे कळलं मला. पण म्हणून गोळी खरी कशी? त्याने लबाडी केली, एवढंच सिद्ध झालं. मावशी तर मेलीच ना."

मालकीणबाईंच्या जिभेवर नेहमीचं सगळं आलं. पण या वेळी त्यांनी ते गिळलं, कारण लेकीचं म्हणणं बरोबर होतं. रुमाल खोटा पडला म्हणून गोळीबद्दलचा प्रश्न सुटला नव्हता. त्याचं उत्तर वेगळीकडून आणावं लागणार होतं, आणि त्यांच्याकडे जे होतं ते थोडंसंच होतं.

"मावशीला गाठ झाली, ऑपरेशन झालं, त्यानंतर ती झोपेनाशी झाली," त्या म्हणाल्या. "मी तिच्या उशाशी होते. गोळ्या तेव्हा दिल्या. तू चार वर्षांची होतीस. तुला गोळ्या खाणारी मावशी आठवते, कारण त्याआधीची तुला आठवतच नाही. आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हजारो बायकांत बघितलं, या गोळ्यांनी कॅन्सर वाढल्याचं दिसलं नाही."

"म्हणजे होणारच नाही?"

खोटं बोलायला ती अगदी तयार जागा होती. नाही होणार, शंभर टक्के, माझी शपथ. एका शब्दाचं काम.

"ते त्यांनी लिहून दिलं नाही," मालकीणबाई म्हणाल्या. "मीही देऊ शकत नाही. गोळीशिवाय तुला काय होतं, तेवढं मात्र मी माझ्या डोळ्यांनी दोनदा पाहिलंय. कुणाला न विचारता."

 पोरगी शेजारी येऊन धाकटीच्या गुडघ्याला लटकली, तरी तिचा हात वर आला नाही. मग ती म्हणाली, मला डॉक्टरीणबाईंशी बोलायचंय. एकटीने. तू आत यायचं नाही.

मालकीणबाई दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर बसल्या. आत काय बोलणं झालं, ते त्यांना अजूनही कुणी सांगितलेलं नाही. धाकटीने गोळ्या पुन्हा सुरू केल्या, पहिल्यापासून, कमी मात्रेने. डॉक्टरीणबाईंनी बजावलं की गुण यायला आठवडे जातील, आणि मागच्यासारखाच येईल याचीही हमी नाही. मध्ये तिला एकटं सोडू नका.

हे वाचणाऱ्या बायांनो आणि बाप्यांनो, यातून एवढंच घ्या. मनाच्या गोळीची भीती वाटली तर ज्या डॉक्टरने ती दिली त्यालाच जाऊन विचारा, दोनदा विचारा, लाजू नका. पण आपल्या मनाने एका दिवसात ती सोडू नका. छातीत गाठ लागली, तर तपासून घ्या, गोळी घेत असा वा नसा. रुमाल कोरा निघाला म्हणून घरी बसू नका. जो माणूस तुमच्या भीतीचं शंभर टक्के उत्तर देतो, त्याला विचारा, तुला कसं कळलं, आणि हे चुकीचं असतं तर काय दिसलं असतं? याचं उत्तर ज्याच्याकडे नाही, त्याचा कोट कितीही पांढरा असो, त्याच्यासमोर मान लववू नका. आणि जो म्हणतो, एवढं माहीत आहे, एवढं माहीत नाही, त्याच्यावर चिडू नका. मालकीणबाई चिडल्या होत्या. त्या रागाने हाती काहीच आलं नाही.

धाकटी अजून भिंतीकडे तोंड करून पडते. गोळी घेते, पाणी पिते, पुन्हा वळते. खाली मशिनं फिरत असतात, कामगार वर बघून आवाज कमी करतात. मालकीणबाई नातीला मांडीवर घेऊन दाराशी बसतात. बोलायला त्यांच्याकडे पुष्कळ आहे, पण त्यातलं काहीही उपयोगाचं नाही, हे त्यांना आता माहीत आहे. म्हणून त्या लेकीच्या पाठीकडे, तिच्या वर-खाली होणाऱ्या श्वासाकडे बघत राहतात, आणि गुण यायची वाट बघतात.